टबाची किल्ली

राहनाळच्या दाजी भोईरांना त्या टबातून काय मिळणार होतं, त्याचा हिशेब आधी मांडलेला बरा, नाहीतर माणूस उगाच धर्मात्मा वाटायचा. एका दुखऱ्या गुडघ्यामागे एक म्हातारी. म्हातारीमागे दोन मुलगे, दोन सुना आणि लग्नाची नात. म्हणजे गुडघा शेकला एक, की मतं पडली सहा. गावात दुखरे गुडघे किती हे सरकारला ठाऊक नव्हतं, दाजींना होतं. हे सगळे गुडघे एकदा आपल्या बाजूला वळले की ग्रामपंचायतीत आपलं पॅनल आणि पॅनलच्या डोक्यावर, सरपंचाच्या खुर्चीत, आपण. समोर होता चुलतभाऊ लहानू. त्याच्याकडे शेकायला काही नव्हतं.

टब दाजींनी विकत घेतला नव्हता. विकत घेणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्यांच्या भाताच्या खाचरांवर गोडाऊनं उभी राहिली होती आणि नव्वद सालानंतर मुंबईचा माल राहनाळला येऊन झोपायला लागला होता. कुठल्याशा हॉटेलवाल्या पार्टीने परदेशातून एक भलंमोठं खोकं आणून टाकलं आणि खोकं राहिलं, पार्टी गेली. दोन पावसाळे वाट बघून दाजींनी ते फोडलं. आत निळाशार, गुळगुळीत फायबरचा हौद. सहा माणसं गोल बसतील एवढा. खाली पंप, पाणी तापवायचा हीटर आणि भिंतींना भोकं. भिवंडीच्या टेम्पोवाल्याने भोकात बोट घालून पाहिलं आणि म्हणाला, "सेठ, ये तो बाथटब का बाप है। इसमें पानी उबलता नहीं, नाचता है।"

पाणी नाचतं म्हटल्यावर दाजींना वज्रेश्वरी आठवली. गावात कुणाचे सांधे धरले की माणसं एसटीने वज्रेश्वरीच्या गरम कुंडांवर जायची. जाण्यायेण्यात दिवस मोडायचा, भातकाम पडून राहायचं. दाजी एकदा स्वतः गेले, तेलाच्या घासलेल्या डब्यात कुंडाचं पाणी भरून आणलं, नारळ फोडून टबात ओतलं, उरलेला टब बोअरिंगच्या पाण्याने भरला आणि जाहीर केलं, "कुंड आता राहनाळला आलं हाय. कोनी एसटीत हाडं खिळखिळी करून घ्यायची न्हाय."

टब एका रिकाम्या गोडाऊनमध्ये बसला. शटरला कुलूप लागलं आणि किल्ली दाजींच्या करगोट्याला. ती त्यांनी बायकोला, कमळाबाईलाही कधी दिली नाही.

"सोनं तुझ्याकडं ठेवलं हाय ना?" ते म्हणायचे. "मंग झालं. टबात कोन काय टाकील, सांगता येत न्हाय."

"कोन टाकनार?"

"लहानू."

"आन लहानू नसला तर?"

"लहानूचा मानूस."

दाजींचा संशय मोठा कष्टाळू होता. घरातली माणसं दुपारी आडवी व्हायची, संशय नाही.

सकाळी बायका, संध्याकाळी पुरुष अशा पाळ्या लागल्या. बायका लुगड्यानिशी टबात उतरायच्या, पुरुष चड्डीवर. पाणी नाचायला लागलं की म्हाताऱ्या एकमेकींचे हात धरून किंचाळायच्या, मग हसायच्या, मग डोळे मिटून गप्प व्हायच्या. पण बाहेर आल्यावर दाजी कुणाला लगेच घरी जाऊ देत नसत. तशाच ओल्या कपड्यांत ओट्यावर बसायचं, चहा घ्यायचा आणि दाजींचं बोलणं ऐकायचं. चहा सावकाश उकळायचा, अशी कमळाबाईला सक्त ताकीद होती. "गुडघा गरम हाय तवर मानूस ऐकतो," हे दाजींचं राजकारण. एकटी शांताबाई तेवढी थांबायची नाही. तिची म्हशीची धार काढायची वेळ असायची. ती निथळतच घरी पळायची आणि कोरडं नेसून गोठ्यात शिरायची. दाजींनी ते मनात टिपून ठेवलं होतं. चहा नाकारणारं माणूस मत तरी कशाला देईल?

कुंड सगळ्या गावाला खुलं, असं दाजी म्हणाले होते खरं. बौद्धवाड्यालाही निरोप गेला होता. पाळी मात्र दिली होती आठवड्यातली सगळ्यात शेवटची, रविवारी, बाकीच्यांचं आटपल्यावर. वाड्यातलं कुणी फिरकलं नाही. दाजींनी त्याचा अर्थ असा काढला, की वाडा लहानूला फितूर झाला. दिलेल्या पाळीचा अर्थ काय होतो, ते काढायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

उपकेंद्रातली नर्स चंद्रा त्याच वाड्यातली. ठाण्याला कोर्स करून आलेली आणि नशिबाने गावातच नेमणूक मिळालेली. घरी म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं चंद्रावर, त्यामुळे ही नेमणूक तिला नोकरीएवढीच मोलाची. विहिरीत जंतुनाशक पावडर पडते की नाही ते बघणं तिची ड्युटी होती. टब सुरू झाला तशी ती पावडरचा पुडा घेऊन दाजींच्या ओट्याशी आली.

"दाजी, ही रोज थोडी टाकायची. आणि पाणी दोन-चार दिवसांनी सोडून टब घासून घ्यायचा."

"देवीच्या पान्यात पावडर?"

"त्यात देवीचं डबाभर. बाकी बोअरिंगचंच आहे ना?"

"डबाभर पडलं की सगळं देवीचं. आन सोडू कुठं? गटारात? पाप कोनाला लागंल?"

"माडांना सोडा."

"चंद्रे, तू विहिरीचं बघ. कुंडाचं आमी बघतो."

ती गेल्यावर दाजींनी पुडा काठीने ढकलत परसात नेला, खड्डा करून पुरला आणि हात राखेने घासले. लहानूने ही पोरगी पाठवलीय, यात त्यांना आता शंका उरली नव्हती.

पाणी मग कधी बदललंच नाही. कमी झालं की वरून भर घालायची, तेवढंच. हळूहळू टबाच्या भिंतींना बुळबुळीत साय धरली. दाजी आधी दचकले. पण चांगला पुढारी दचकलेला फार वेळ राहत नाही. "कुंडाचा गुन उतरला," त्यांनी सांगून टाकलं. "कुंडावर गाळ लावता ना अंगाला? ह्यो त्याच्यापरास भारी. चोळा." माणसांनी चोळलं. मीराबाईने तर वाटीभर खरवडून घरी नेलं, नवऱ्याच्या पाठीसाठी.

आणि मग गाव खाजवायला लागलं.

पहिली मीराबाई. मग तिचा नवरा. मग एकेक करत सगळेच गुडघेवाले. तांबडे, टपोरे फोड, काहींच्या टोकाला पिवळट ठिपका, आणि खाज अशी की माणूस बोलताबोलता भिंतीला बूड घासायचा. एसटीच्या थांब्यावर बायका एकमेकींच्या आडोशाने खाजवू लागल्या. भजनात टाळ बेताल झाले, कारण एक हात कायम गुंतलेला. दाजी स्वतः प्रचाराला हात जोडायचे आणि वाक्य संपायच्या आत एक हात खाली जायचा.

चंद्राने तपासून खरूज म्हटलं आणि सगळ्यांना खरजेचं पांढरं औषध दिलं. लोकांनी गळ्यापासून पायापर्यंत फासलं. काही फरक पडला नाही. वाईट एवढंच झालं, की फसलेलं औषध गावाच्या लक्षात राहिलं.

दाजींचं निदान वेगळं होतं. खाजकुयली. लहानूच्या बांधावर तिचा वेल होता आणि त्याच्या शेंगांची लव अंगाला लागली तर बैलसुद्धा नाचतो. लहानूने ती टबात टाकली, विषय संपला. फक्त कुलूप शाबूत होतं आणि किल्ली करगोट्याला. म्हणजे टबात बसायला येणाऱ्यांतच कुणीतरी होतं. दाजी दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाकडे टक लावून बघू लागले. बायकांचे पदर झाडून घ्यायचं काम त्यांनी कमळाबाईला सांगितलं.

"मी न्हाय झाडनार," कमळाबाई म्हणाली. "माझा पदर झाडा आधी. मलाच जास्त उठलं हाय."

उपाय म्हणून दाजींनी टबात कडुनिंबाचा पाला घातला आणि वर पसाभर हळद. पाण्याचा रंग कढीसारखा झाला. लोक भक्तिभावाने त्यात जास्त वेळ बसले आणि फोड जास्त आले.

तेव्हा दाजींनी उलटा हिशेब घातला. खाजवतंय कोण हे बघून काही हाती लागत नव्हतं. खाजवत कोण नाही? लहानूचं घर नाही. बौद्धवाडा नाही, अख्खाच्या अख्खा नाही. चंद्रा नाही. आणि रोज टबात बसूनही शांताबाई नाही. "ज्याच्या अंगावर फोड न्हाय त्यो चोर," दाजी म्हणाले, आणि गावाला हा न्याय फार आवडला, कारण गावाच्या अंगावर फोड होते. शांताबाई काही बधेना. तिला हाक मारली की ती म्हशीला हाक मारायची. वाडा मोठा, त्याच्या नादी निवडणुकीच्या तोंडावर कोण लागणार? उरली चंद्रा. पावडर तिने आणली होती. औषध तिचं फसलं होतं. दाजींनी तिच्या बदलीचा अर्ज वरच्या साहेबांकडे पाठवला. एका हाताने खाजवत, दुसऱ्या हाताने गावाने त्याच्यावर सह्या आणि अंगठे केले.

अर्ज गेल्यावर जाब विचारायला दाजी पाच-सहा बाप्ये घेऊन उपकेंद्रावर गेले. कमळाबाईही मागून आली.

"तुझ्या नावाचा अर्ज गेला हाय," दाजी म्हणाले.

"कळलं. सह्या करणारे सकाळी इथंच मलम न्यायला आले होते."

बाप्ये भिंतीकडे बघू लागले.

"खरं सांग. टबात काय टाकलंस?"

"किल्ली कुणाकडे असते, दाजी?"

दाजींचा हात आपसूक कमरेला गेला. मग तिथेच खाजवू लागला.

"सदरा वर करा," चंद्रा म्हणाली.

"आँ?"

"मी नर्स आहे. लाजू नका."

मागे कुणीतरी खुसखुसलं. दाजींनी सदरा वर केला. छाती स्वच्छ, पाठ स्वच्छ, हात स्वच्छ. फोड सुरू होत होते बेंबीखाली आणि धोतर जरा सरकवल्यावर दिसलं, की संपत होते मांडीच्या मध्यावर. बाकीच्यांचंही तसंच. जणू शिंप्याने चड्डीचं माप घेऊन आखून दिले होते.

"खाजकुयली असती तर मानेला, तोंडाला, हाताला आधी भिडली असती. ही तुमच्या चड्डीत बरी बोलावल्यासारखी शिरली?" चंद्रा म्हणाली. मग कमळाबाईकडे वळली. "काकू, बायकांना कुठं आहे?"

"जितं लुगडं, तितं. पोटऱ्यांपासनं गळ्यापोत. तोंडाला कोनाला न्हाय."

"आणि शांताबाई तर तुमच्याच पाण्यात बसते."

"बसती. पन ती थांबत न्हाय. घरी जाऊन कोरडं नेसती. आमी ओल्यानं च्या घेत बसतो."

दाजी ताठ झाले. "मंग च्यात काय हाय?" त्यांनी बायकोकडे बघत विचारलं.

"च्यात इख असतं," कमळाबाई म्हणाली, "तर पैला कप कोनाला दिला असता?"

या वेळी बाप्ये उघड हसले. चंद्रा हसली नाही. "चला टबाकडं," ती म्हणाली.

दाजींनी कुलूप काढलं. कोमट, आंबूस वास बाहेर आला. चंद्राने पाल्याचा चोथा बाजूला सारून टबाच्या भिंतीवरून बोट फिरवलं आणि ते दाजींपुढे धरलं.

"हा तुमचा गुण. आणि हा तुम्ही लोकांना चोळायला लावलात."

"कुंडावर बी गाळ लावत्यात."

"कुंडात पाणी वाहतं, दाजी. इथं तुम्ही त्याला कोंडलंय. कोमट पाणी, इतक्यांच्या अंगाचा मळ, वर पाला. जंतूंना याच्याहून चांगलं गोडाऊन कुठं मिळेल? ओलं कापड अंगाला चिकटून राहिलं की ते केसांच्या मुळाशी शिरतात. आज बसलात तर आज काही दिसत नाही, एक-दोन दिवसांनी फोड येतो. म्हणून कुणाला टबाचा संशय आला नाही." तिने बोट टबाच्या काठाला पुसलं. "मलाही आला नाही. मी खरूज म्हणून बसले. फोड कुठं नाहीत, हे मी विचारलंच नव्हतं."

टबाकडे बघण्याऐवजी दाजी दाराकडे बघत राहिले, बाहेर कोण ऐकतंय म्हणून.

पाणी सोडायचं ठरलं तेव्हा दाजींनी शेवटचा अडसर घातला, पाप कुणाच्या माथी? कमळाबाईने बादली उचलली. "माझ्या," ती म्हणाली आणि पहिली बादली माडाच्या आळ्यात ओतली. देवीचं पाणी माडांनी निमूट पिऊन टाकलं. टब पावडरीने घासला, कडक वाळवला, पाइपातून आणि भोकांतून पावडरीचं पाणी खेळवून तेही काढून टाकलं, मग ताजं पाणी भरून त्यात बेताने पावडर घातली. पाणी नाचायला लागलं. गावच्या बायका दाराशी जमल्या, पण पाऊल कुणी टाकेना.

"मी बसते," चंद्रा म्हणाली.

"मी बी," कमळाबाई म्हणाली. "सरक ग."

दोघी समोरासमोर बसल्या, बुडबुड्यांत गळ्यापर्यंत. बाहेर आल्यावर कमळाबाईने मुद्दाम चंद्राला ओल्यानेच ओट्यावर बसवलं, परीक्षा पुरी व्हावी म्हणून, आणि आपल्या घरच्या कपबशीत चहा दिला. दाजींच्या नजरेने ती कपबशी टिपली. कमळाबाईच्या नजरेने दाजींची नजर टिपली.

दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्याही नाही. चंद्राची कातडी जशीच्या तशी आणि कमळाबाईचे जुने फोडही सुकायला लागले. पाण्यापासून लांब राहिलेल्यांचेही आपोआप सुकत चालले होते. या रोगाची रीतच तशी, म्हणाली चंद्रा. खाऊ घालायचं थांबवलं की पाहुणा जातो.

मतदान तोंडावर आलं होतं. चंद्रा दाजींना एकटं गाठून म्हणाली, "दाजी, अर्ज मागं घ्या. आईला हलवता येण्यासारखं नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. गावात काय सांगायचं ते तुम्ही सांगा, मी तोंड उघडणार नाही. फक्त अर्ज मागं घ्या."

मागणं लहान होतं. दाजींनी ते रात्रभर तोललं. अर्ज मागे घ्यायचा, तर नर्सने काही केलं नाही हे कबूल. कुलूप शाबूत, तर लहानूनेही काही केलं नाही. मग उरतं कोण? किल्लीवाला. करगोट्याची किल्ली त्यांना त्या रात्री, आयुष्यात पहिल्यांदा, टोचली.

सकाळी पंचायतीसमोर सभा भरली. दाजी उभे राहिले. कडेला चंद्रा उभी होती, शांताबाई होती, वाड्यातली चार माणसं होती.

"मंडळी," दाजी म्हणाले, "टबात खाजकुयली होती. कोनी टाकली, त्याचं नाव मी घेनार न्हाय. त्यो माझा चुलतभाऊ पडला. कुंड मी माझ्या हातानं धुऊन शुद्ध केलं हाय. आता निर्धास्त या."

टबाच्या भिंतीची साय अंगाला चोळली होती सगळ्यांनीच. आपण आपल्याच अंगाचा मळ देवीचा म्हणून चोळला, हे मानण्यापेक्षा लहानूची खाजकुयली मानणं केव्हाही सोपं. टाळी पहिली वाजवली मीराबाईने, वाटीभर घरी नेणारीने. मग सगळ्यांनी.

चंद्रा टाळ्या संपायच्या आत निघाली. लहानूने आपल्या बांधावरचा वेल त्याच दुपारी उपटून जाळला. तेव्हा गाव म्हणालं, बघा, पुरावा जाळतो.

दाजींचं पॅनल आलं. दाजी सरपंच झाले. गुलालाच्या दिवशी तेवढी खाज त्यांना पुन्हा सुटली, पण ती गुलालाची.

अर्जाला पाय फुटले होते. तो या टेबलावरून त्या टेबलावर आपला आपण चालत राहिला आणि पावसाळ्याच्या तोंडाशी चंद्राची बदली घेऊन परतला. शहापूरच्या पलीकडे, डोंगरातलं गाव. "सरकारी काम," दाजी म्हणाले. "माझ्या हातात काय हाय?"

चंद्राने आईला चादरीत गुंडाळून टेम्पोत मागे झोपवलं. कमळाबाई निरोपाला गेली होती. परत आली ती ओट्यावर पाय ठेवायच्या आत म्हणाली, "किल्ली द्या."

"कशाला?"

"पानी बदलायला."

"मी बदलीन."

"द्या. न्हाय तर टबात काय होतं आन कोनी कोंडलं होतं, ते मी पानवठ्यावर सांगते. बायकांना सांगते."

दाजींनी तिच्याकडे निरखून पाहिलं. लहानूच्या माणसांची यादी त्यांच्या डोक्यात पुन्हा एकदा सरकली आणि या वेळी घराच्या उंबऱ्यावर येऊन थांबली. त्यांनी करगोटा सोडला.

मग हिशेब असा बसला. दाजींना खुर्ची मिळाली, गेली ती किल्ली. लहानूचं नाव गेलं आणि बांधावरचा वेलही, काही गुन्हा नसताना. गावाचे फोड गेले, डागही राहिले नाहीत, त्यामुळे दाखवायला पुरावाही राहिला नाही. नव्या नर्सची वाट बघण्यात तो पावसाळा गेला. पावडर न पडलेल्या विहिरीचं पाणी प्यायलेल्या घरांनी आपापले जुलाब आपापल्या घरी सोसले. बाकीचं सगळं भरलं चंद्राने, आणि त्या टबात ती बसली होती एकदाच, तेही बाकीच्यांची खात्री पटावी म्हणून.